फ्रेम स्वच्छ हवी

मंगळवार, ३ सप्टेंबर

आजपासून मी मल्टिमीडिया पत्रकार. काल संध्याकाळपर्यंत नुसता फोटोग्राफर होतो, तोही चोवीस वर्षं. सकाळी माझा मोठा कॅमेरा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, आणि माझ्या हातात एक फोन, एक काठी आणि उंदराएवढा केसाळ माइक आला. फोटो, व्हिडिओ, आवाज, बातमी, मथळा, सगळं आता एकट्यानं करायचं. पूर्वी या कामाला पाच माणसं होती. ती कुठे गेली हे मी विचारलं नाही, कारण त्यांच्यातल्या दोघांचा निरोप समारंभ मीच टिपला होता.

आमच्या नव्या डिजिटल प्रमुख बाईंना ऑफिसात सगळे पाठीमागे 'तीन सेकंद' म्हणतात. पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर बघणारा पुढे निघून जातो, हे त्या दर तीन मिनिटांनी सांगतात. त्यांनी माझं वय विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही."

ही डायरी मुद्दाम सुरू करतोय. नव्या जमान्यात मी पाय कसे रोवले हे उद्या कुणाला लिहायचं झालं तर कागद हाताशी असावेत. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आधी त्या फोनचा पासवर्ड लिहून ठेव." ती शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागते. फोननं खातं मागितलं तेव्हा मला माझं आठवेना, म्हणून तिचंच घालून दिलं. काम झालं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पहिली कामगिरी फत्ते! पूर्व भागातल्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं. आरोग्य समितीच्या अध्यक्षांनी फीत कापली. तीनदा कापली, एकदा फोटोसाठी, एकदा उभ्या व्हिडिओसाठी आणि एकदा आडव्या. दर वेळी नर्सबाई गाठ मारून फीत पुन्हा ताणून धरत होत्या. अध्यक्ष मुरलेले आहेत. तिसऱ्या खेपेलाही त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा फीत बघितल्याचा आनंद होता.

चोवीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो, आणि तीच माझी ओळख आहे: फ्रेम स्वच्छ हवी. मशीनच्या डाव्या अंगाला बोटभर लांब, टोकाशी वाकलेला ओरखडा होता. कोऱ्या मशीनवर तो डोळ्यांत खुपत होता. मी फोनवरच बोट फिरवून पुसून टाकला. पूर्वी याला अर्धा तास लागायचा, आता अर्धं मिनिट. मशीनची वायर आणि पाण्याची नळी कुठेच जोडलेली नव्हती हे एक बरं झालं, नाहीतर तो सगळा पसारा झाकायला कुंड्या मागवाव्या लागल्या असत्या.

तीन सेकंदबाईंचा निरोप आला. "मशीन दिसतंय. माणूस कुठाय? पुढच्या वेळी रुग्ण दाखवा."

शुक्रवार, ६ सप्टेंबर

व्हिडिओ एकशे बारा जणांनी पाहिला. त्यातले नऊ घरचे.

बाबांनी दोनदा पाहिला. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आता दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केले आहेत, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागतं. दोन बस बदलायच्या, पहाटे निघायचं आणि दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखं परत यायचं. पूर्व भागातलं हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे. बायकोच्या डोळ्यांत व्हिडिओ बघताना पाणीच आलं. मला वाटलं, चित्रीकरणामुळे.

बाबा म्हणाले, "जावईबापू, याला शुद्ध पाण्याची लाइन लागते. कुठून दिलीय?"

"ते फ्रेममध्ये आलं नाही," मी म्हणालो.

"अस्सं," म्हणाले, आणि तिसऱ्यांदा बघायला लागले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

उत्तर भागातल्या हॉस्पिटलात दुसऱ्या मशीनचं उद्घाटन. आज मी खरा तयारीत होतो. डॉक्टरांना दारातून चार वेळा आत यायला लावलं. पहिल्यांदा ते घाईत आले, दुसऱ्यांदा कॅमेऱ्याकडे बघितलं, तिसऱ्यांदा अडखळले. चौथ्यांदा मात्र असे आले की कुणालाही बरं वाटावं.

रुग्णाची अडचण होती. खरा रुग्ण एकही नव्हता. अध्यक्षांच्या सचिवांनी हॉस्पिटलच्या वॉचमनला झोपवलं आणि वर चादर टाकली. त्याचा चेहरा छान थकलेला होता. दोन पाळ्या सलग केल्या होत्या म्हणे. चादरीखालून गणवेशाची पँट दिसत होती, ती मी फ्रेममधून कापून टाकली. शॉट संपेपर्यंत त्याला खरोखर झोप लागली.

या मशीनवरही डाव्या अंगाला, बरोब्बर त्याच जागी, तसाच ओरखडा. कंपन्या आजकाल काय माल काढतात! साच्यातच दोष असणार. या वेळी मी तो आठ सेकंदांत पुसला. सराव झाला की हात बसतो.

बाहेर मशीन आणणारा टेम्पोवाला उभा होता. मला बघून ओळखीचं हसला. "काय साहेब, आपल्या दोघांची ड्यूटी एकच दिसतेय!" माणसं माझे व्हिडिओ बघायला लागली आहेत, ओळखतात.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय. पण डायरीशी खोटं बोलायचं नाही.

दुपारी रस्तारुंदीकरणाची बैठक लाइव्ह केली. बैठक संपली, मी फोन खिशात टाकला, पण लाइव्ह बंद करायचं राहिलं. त्यानंतर बावीस मिनिटं लोकांनी माझा खिसा पाहिला. म्हणजे अंधार पाहिला आणि मला ऐकलं. मी कँटीनवाल्याशी चहाच्या पातळपणाबद्दल वाद घातला, मग जिना चढताना स्वतःशीच "ही तीन सेकंदांची बाई माझा जीव घेणार" असं म्हणालो. चौदाशे लोकांनी ऐकलं. आजवरचा माझा सर्वांत जास्त पाहिलेला व्हिडिओ हाच.

तीन सेकंदबाई एवढंच म्हणाल्या, "आवाज स्वच्छ आला होता."

मंगळवार, १७ सप्टेंबर

बाबांना पूर्वेच्या हॉस्पिटलनं आजची तारीख दिली होती. बायकोनं शाळेतून अर्धी रजा घेतली. दोघं चालत गेली. तिथून बायकोचा फोन आला तो कातावलेला. मशीन नाही. "दुरुस्तीला गेलंय" असं एकजण म्हणाला, "अजून बसवायचंय" असं दुसरा. ज्या खोलीत मी उद्घाटन टिपलं होतं तिथे आता मोडक्या खुर्च्या आहेत म्हणे. मग ती दोघं तिथूनच मोठ्या हॉस्पिटलला धावली, दुपारच्या पाळीत कशीबशी जागा मिळाली. बाबा घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती, बूटसुद्धा काढवेनात.

मी म्हणालो, "सरकारी कामाला वेळ लागतो. मी अध्यक्षांच्या कानावर घालतो. आता चांगली ओळख झालीय."

बायको म्हणाली, "तुझे सगळे फोटो माझ्या फोनमध्ये येऊन पडतायत. फितीच फिती."

ते खात्यामुळे होत असणार. मी तिला सांगितलं, पुसून टाक. माझ्या फोनची जागा तर रोज भरते. मी मूळ फोटो ठेवतच नाही, छापून आलं की लगेच उडवतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

तिसरं मशीन, दक्षिणेचं हॉस्पिटल. फीत दोनदाच कापावी लागली. वॉचमनही तोच आणला होता, आता त्याला काही सांगावं लागत नाही. ओरखडा होताच. सवयीनं पुसला.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाले, "तुमचे फोटो बघितले की मलासुद्धा वाटतं, आपण खूप काम केलंय." इतकं मनापासून माझ्या कामाचं कौतुक चोवीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्या भरात बाबांचं सांगायचं राहून गेलं.

शनिवार, २८ सप्टेंबर

आठवडाभर लिहिलं नाही.

काल शुक्रवार, बाबांचा वार. रस्ता खोदल्यामुळे दुसरी बस बंद होती. तासभर उभे राहिले आणि चक्कर येऊन थांब्यावरच खाली बसले. एका अनोळखी बाईनं रिक्षात घालून घरी आणून सोडलं. मी तेव्हा एका दुकानात मोठ्या टीव्हीच्या उद्घाटनाचा व्हिडिओ करत होतो. डायलिसिस चुकलं. आज सकाळी त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले आणि धाप लागायला लागली. मोठ्या हॉस्पिटलात तातडीनं घेतलं. डॉक्टर बायकोला म्हणाले, "पुन्हा एकही वार चुकता कामा नये. पुढच्या वेळी वेळेवर पोचाल असं नाही."

मी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर हे तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, २९ सप्टेंबर

जेवण झाल्यावर बायकोनं टेबल पुसलं आणि तिचा फोन मधोमध ठेवला. पडद्यावर तीन फोटो शेजारीशेजारी होते. पूर्व, उत्तर, दक्षिण. माझेच, पण मी पुसायच्या आधीचे. ते तिच्याकडे आपोआप गेलेले, आणि तिनं एकही उडवलेला नव्हता.

मला वाटलं, माझ्या कामातला फरक दाखवतायत. म्हणालो, "हो, आधी ओरखडा दिसत होता. कंपनीचा दोष आहे, तिन्ही मशीनना."

बाबा म्हणाले, "जावईबापू, तिन्ही नाहीत. एकच आहे."

मी हसलो. कुणीच हसलं नाही.

"हा ओरखडा टेम्पोच्या फाळक्याच्या कडीचा आहे. मी तीस वर्षं गाड्यांना असे ओरखडे बघितलेत. कडी वरून खाली ओढत जाते आणि शेवटी वळते. कंपनीच्या साच्यात असं होत नाही. आणि एवढं करून मशीन तिथे एक दिवसही चाललेलं नाही. उद्घाटन झालं की टेम्पोत चढतं."

मी फोटो मोठे करून बघितले. ओरखडा तोच होता. बाजूचा निळा स्टिकरही अर्धा फाटलेला, तिन्हीकडे तेवढाच. मग टेम्पोवाला आठवला आणि कान गरम झाले. तीनदा मी त्या मशीनसमोर हातभर अंतरावर उभा होतो. सगळं बघितलं होतं, आणि बघितलं तसं बोटानं पुसून टाकलं होतं. मला लाज वाटली. बाबांच्या सुजलेल्या पायांकडे बघवेना.

बायको म्हणाली, "आता तू काय करणार?"

मी म्हणालो, "विचार करतो." एवढं म्हणून मी भांडी घासायला उठलो, जे मी सहसा करत नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

सकाळी तीन सेकंदबाईंना सगळं सांगितलं, बायकोकडून मागवलेले मूळ फोटो दाखवले. त्यांनी पहिल्यांदाच मला मध्ये तोडलं नाही.

मग म्हणाल्या, "बातमी मोठी आहे. पण आपण छापलेल्या फोटोंत ओरखडा नाही. उद्या पहिला प्रश्न येईल, तो कुणी पुसला? आपल्याकडे फोटोत खाडाखोड करणाऱ्याला घरी पाठवतात, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाव देऊन हे सांगायला तयार आहात का?"

"विचार करतो," मी म्हणालो.

"करा. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्या."

दुपारी अध्यक्षांच्या सचिवांचा फोन. उद्या पश्चिमेच्या हॉस्पिटलात चौथं उद्घाटन. वॉचमन रजेवर आहे, तर मी एखादा रुग्ण आणू शकतो का? "चेहरा जरा बरा बघा."

आणि मला मार्ग सापडला! बाबांनाच न्यायचं. ते पलंगावर झोपतील, फीत कापली जाईल, सगळे खुशीत असतील, तेव्हा मी अध्यक्षांना बाजूला घेऊन हळूच सांगेन: साहेब, फिरवायचं तेवढं फिरवून झालं की मशीन पूर्वेला कायमचं ठेवा, हे माझे सासरे. माझी नोकरी राहील, बाबांची सोय होईल, अध्यक्षांचं नाव राहील. कुणाचंच काही बिघडणार नाही.

घरी भीत भीत सांगितलं. वाटलं होतं, आता काही खरं नाही. पण बायको एकदम तयार झाली. बाबा तर माझं बोलणं संपायच्या आधीच हो म्हणाले. बायकोनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केला, डायलिसिसची फाइल आणि पांघरूण पिशवीत भरलं. "फाइल कशाला? नुसतं झोपायचंय," मी म्हणालो. "असू दे," ती म्हणाली. मग दाराशी येऊन म्हणाली, "लाइव्ह कर हं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून बघणार आहे."

माणसं किती चटकन माफ करतात. उगाच घाबरलो होतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

हे मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत.

सकाळी अकरा. पश्चिमेच्या हॉस्पिटलातली खोली रंगवलेली, फिनेलचा वास. भिंतभर एक फलक. त्यावर आमच्या पेपरात आलेले माझे तिन्ही फोटो दरवाजाएवढे मोठे करून लावले होते, खाली माझं नाव ठळक अक्षरांत. मी आधी त्याचाच फोटो काढला. बाबा पलंगावर आडवे झाले, फाइल छातीवर. मी लाइव्ह सुरू केलं. अध्यक्षांनी फीत कापली. टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर बाबा म्हणाले, "झालं? मग लावा आता."

अध्यक्ष हसत म्हणाले, "काय लावू, आजोबा?"

"मशीन. आज मंगळवार, माझा वार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, चुकवायचा नाही. ही फाइल घ्या." बाबांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

डॉक्टरांनी सचिवांकडे बघितलं, सचिवांनी माझ्याकडे. कुणीतरी म्हणालं, जोडणी अजून व्हायचीय. बाबा उठून बसले. "कशी होईल? उद्या टेम्पो येणार ना. पूर्वेला गेलो तेव्हा नव्हतं, उत्तर आणि दक्षिणेलाही नाही, माझ्या मुलीनं फोन करून विचारलंय. हेच एक मशीन चार ठिकाणी फिरतंय. हा बघा ओरखडा."

सचिव हातानंच 'बंद करा, बंद करा' म्हणत होते. कानातल्या इयरफोनमधून तीन सेकंदबाई ओरडत होत्या, "अजिबात बंद करू नका, नऊ हजार बघतायत!"

अध्यक्ष खरोखर मुरलेले. जराही चेहरा पडला नाही. फलकाकडे वळले आणि म्हणाले, "आजोबांचं वय झालंय, त्यांचा गैरसमज झालाय. हे तिन्ही फोटो बघा. आहे कुठे ओरखडा? एकावर तरी? हे आम्ही काढलेले नाहीत, वर्तमानपत्रानं काढलेत. फोटो काढणारे समोर उभे आहेत. विचारा त्यांना."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. चोवीस वर्षं मी लोकांकडे बघितलं, लोकांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. काठीला लावलेला फोन मी तसाच धरला होता. पडद्यावर बाबा दिसत होते, बाही वर केलेले, हात तसाच पुढे. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे मदत मागायची नाही असं त्यांनी ठरवलं असावं. तेव्हा कुठे मला फाइल, पांढरा शर्ट आणि लाइव्हचा हट्ट कळला.

मी म्हणालो, "ओरखडा होता. तिन्ही फोटोंत होता. मी पुसला."

माइक माझ्याच हातात असल्यामुळे हे वाक्य सगळ्यांत मोठ्यानं ऐकू गेलं. मी तेच आणखी एकदा म्हणालो, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नव्हता. मग पुढे म्हणालो, "मूळ फोटो माझ्या बायकोकडे आहेत. मशीन एकच आहे. मला ते दिसायला हवं होतं."

मग मी लाइव्ह बंद केलं आणि नीट बंद झालंय ना हे दोनदा बघितलं.

तीन सेकंदबाईंचा फोन आला. आधी म्हणाल्या, "एकतीस हजार." मग, "उद्या फोन, काठी आणि माइक जमा करायला या. मला वाईट वाटतंय." त्यांना खरंच वाटत असावं.

पण एकतीस हजारांनी बाबांचं रक्त शुद्ध होणार नव्हतं. मंगळवार होता तो होताच. बायकोनं इथली दुपारची पाळी कालच फोन करून ठरवून ठेवली होती. आम्ही दोघं बसनं आलो. दुसरी बस अजून बंदच आहे, म्हणून शेवटचा रस्ता चालत. बाबा तीनदा थांबले. तिसऱ्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "जावईबापू, घाबरलात ना?" मी हो म्हणालो. म्हणाले, "मीसुद्धा."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याबरोबर इथे कधीच आलो नव्हतो. नेहमी काहीतरी टिपायचं असायचं. नर्सनं दार उघडं ठेवलंय, बाबांना झोप लागलीय, त्यांच्या दंडापासून दोन नळ्या निघाल्यात, एकीतून गडद रक्त जातंय आणि दुसरीतून परत येतंय. मशीन बारीक, एकसुरी घुरघुरतंय, मध्येच टिकटिकतंय आणि पुन्हा घुरघुरतंय. चार उद्घाटनं मी बारीकसारीक तपशिलांसह चित्रित केली. चालू मशीनचा आवाज कसा असतो हे मला आज कळलं.